कॅरिअरवरचं वजन

"रात्री एकट्याने सायकल चालवताना मागे कोणी येऊन बसलं, तर तुम्हाला कळेल का रे?"

डिंडोलीत लाइट गेली होती. ओट्यावरच्या पोरांना भाईदासबाबांनी असं विचारलं, तेव्हा ती हसली. कुंदन म्हणाला, "कळेल ना बाबा. चढावर दम लागेल."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, सुकलाललाही तसंच कळलं. मग त्यांनी सांगितलं ते असं.

सुकलाल कापडाच्या लूमवर कामाला. माणूस गरीब स्वभावाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा धाकटा भाऊ धर्मेंद्र मात्र चार पानांचं मराठी साप्ताहिक काढायचा. पंच्याण्णवच्या पावसाळ्यात कापड रंगवायच्या एका डाइंग हाऊसमध्ये बॉयलर फुटला. मालकाने सांगितलं त्यापेक्षा मेलेली माणसं जास्त होती. धर्मेंद्र घरोघर फिरला आणि मेलेल्या एकेका माणसाचं नाव त्याने छापलं. त्यानंतर नवरात्रात एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बिननंबरची जीप उभी राहिली. "साहेब बोलावतात, दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून दोघं त्याला घेऊन गेले. सगळ्या गल्लीने पाहिलं. पोलीस चौकीत मात्र म्हणाले, आम्ही कोणाला आणलंच नाही.

त्याची बायको रंजना रोज नळाचं पाणी भरून झालं की चौकीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. कोणी म्हणायचं, दुसरीबरोबर पळाला असेल. कोणी म्हणायचं, ताई, घरी जा, पोळ्या करपतील. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची, त्यांना कोणी नेलं ते सांगा.

इकडे आई धुरपदाबाईने अन्न सोडलं होतं. रात्री उठून दार उघडायची. जाणती माणसं म्हणाली, जीव भटकतोय, पळसाच्या पानांचा पुतळा करा, डोक्याला नारळ लावा आणि तापीकाठी अग्नी द्या. असा माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहायची असते. इथे चार महिनेही झाले नव्हते. पण चौकीतल्या साहेबानेही सुकलालच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणाला, क्रियाकर्म उरकून टाका सुकलालभाई, बाईचे हेलपाटे तरी थांबतील.

आईचं तोंड बघवेना, म्हणून सुकलाल हो म्हणाला. रंजनाला हे कळलं तेव्हा ती त्याच्यासमोर पहिल्यांदा पदर न सावरता बोलली.

"दादा, ज्यांनी नेलं त्यांनी माझ्यासमोर म्हणावं, तो आता नाही. मी माझ्या हाताने कुंकू पुसते. पण तुम्ही नका पुसू."

विधी दुसऱ्या दिवसावर आला होता.

ती रात्र शहाण्णव सालच्या जानेवारीतली. पौषातली अमावास्या, वर शनिवार. दुपारी सुकलाल सायकल घेऊन निघाला. बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला आपल्या गावची माणसं आली होती. त्यांना भेटतो असं सांगून गेला, आणि खरंच भेटला. त्यांनी चहा पाजला, पळस कुठे आहेत ते दाखवलं. पानं तोडता तोडता अंधार पडला. मोठी पानं निवडून त्याने गाठोडं बांधलं, हँडलला अडकवलं आणि परत निघाला.

उसाच्या गाड्या मागे राहिल्या. थंडी होती. कालव्याचा पूल आला. पूल ओलांडला, आणि सायकल जड झाली.

तो उतरला. टायर दाबून पाहिलं. हवा होती. पुन्हा बसला, पॅडल मारलं.

जड.

वळणावर वजन एका बाजूला सरकलं. दोन्ही पाय एकीकडे सोडून बसलेल्या माणसाचं सरकतं, तसं.

सुकलालने मागे पाहिलं नाही. हे वजन त्याच्या ओळखीचं होतं. मागे बसवून शाळेत न्यायचा तेव्हापासून ओळखीचं.

"दादा..."

चेन कुरकुरत होती. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, हाई पानं कोनाकरता?"

आवाज घरातलाच. अहिराणी घरातलीच. बरंच अंतर गेलं. मग तो कसाबसा म्हणाला,

"तुनाकरता, भाऊ."

सुकलाल पॅडल मारत राहिला.

नुसती चेन.

मग...

"मी मरेल शे, हाई तुले कोनी सांगं?"

रागाने नाही विचारलं, पोरांनो. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

तो मेला म्हणून कोणी सांगितलं होतं? चौकीने नाही. मालकाने नाही. जीपवाल्यांनी नाही. आजवर एकाही माणसाच्या तोंडून ते निघालं नव्हतं. उद्या तापीकाठी ते पहिल्यांदा बोलणार होता तो सख्खा भाऊ. आणि त्याने ते म्हटलं की बाकीच्यांना काही म्हणावंच लागणार नव्हतं.

"तू कोठे शे?" सुकलालने विचारलं. "सांग ना भाऊ. मी येस. आत्ते येस."

...

"कोठे ठेवं त्यासनी तुले?"

फक्त वजन.

सुकलाल हळू चालवू लागला. मुद्दाम हळू. घर येऊ नये असं त्याला वाटू लागलं होतं.

पण डिंडोलीचं रेल्वे फाटक आलं. दिवा दिसला.

आणि सायकल हलकी झाली.

इतकी हलकी की पुढचं चाक वाकडं गेलं आणि तो पडला. पडल्या जागीच बसून राहिला. "बस ना रे," म्हणाला. "बस ना मागे." दोनदा म्हणाला. फाटकवाला कंदील घेऊन आला, तेव्हा सुकलाल तोंडावर हात घेऊन रडत होता. जिवंत माणूस असा उतरत नाही, हे त्याला कळलं होतं. आणि जे कळलं ते आईला सांगता येणार नव्हतं, रंजनाला तर नाहीच.

गाठोडं त्याने तिथेच रुळाकडेला ठेवलं. घरी आला आणि होता त्याच कपड्यांत भिंतीला टेकून बसला.

सकाळी तो तापीकाठी गेला नाही. रंजनाबरोबर चौकीच्या फाटकाशी गेला आणि खाली बसला. शिपाई बाहेर आला तेव्हा म्हणाला, मी त्याचा मोठा भाऊ, त्याला कोणी नेलं ते सांगा. मागे बसलेल्या रंजनाला त्याच्या सदऱ्यावर पाठीच्या मधोमध एक ओला डाग दिसला. पाठीला कपाळ टेकून कोणी रडलं असावं, तेवढाच. ऊन माथ्यावर आलं. संध्याकाळ झाली. दोघं उठली तेव्हाही तो वाळला नव्हता.