राणीची ओटी

दगड दिसला की हात जोडायचे, ही आपल्या लोकांची जुनी खोड. माझं काम नेमकं उलटं. दगडाचा थ्रीडी स्कॅन करायचा, केसभर फरकही मोजायचा आणि फाइल मालकाला द्यायची. त्या शनिवारी सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, अक्रोडाच्या बागांमधल्या एका ख्रिस्ती मठात गेलो होतो. कुणा धनाढ्याने पूर्वी स्पेनहून जहाजाने आणवलेलं एका मध्ययुगीन राणीचं थडगं तिथे आहे. वर दुधाळ दगडाची राणी उताणी निजलेली. हात छातीवर जोडलेले, पायाशी दगडी कुत्रं.

बायकोला, ज्ञानदाला, सोबत नेलं होतं. सातवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती, त्यामुळे तिला फ्रीमाँटला घरी एकटीला सोडायचा धीर होत नव्हता.

"बाळंतपणात गेली ही," मठातले ब्रदर अँसेल्म आम्हाला सांगत होते. "मूल मेलेलंच जन्मलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून तिच्याजवळ पुरू दिलं नाही."

पहिला स्कॅन झाला. मी ब्रदरांबरोबर जेवून आलो, तर राणीच्या पोटावर खण आणि नारळ, ज्ञानदाने परतीच्या वाटेवरच्या देवळासाठी घेतलेले.

"हे काय गं? देवी नाहीये ती. थडगं आहे."

"सवाष्ण गेली ना रे. इथे तिची ओटी कोण भरणार?" ज्ञानदा म्हणाली. "म्हटलं, माझं बाळ तुझ्या पदरात घालते. सांभाळ."

मी चिडलो. हळदीचा डाग त्या दगडावरून निघाला नसता. भराभर सगळं उचललं. नारळ हलका लागला, आत पाणी वाजेना. तांदूळही घातले होते म्हणाली, पण एक दाणा दिसत नव्हता.

"खारी येतात आत," ब्रदर म्हणाले.

दुसरा स्कॅन पहिल्यावर बसेना. जिथे फरक असेल तिथे स्क्रीनवर लाल दिसतं. चेहरा, हात, कुत्रं, सगळं हिरवं. पोटावर लाल. वस्त्राची घडी तिथे वर आली होती. पहिल्या फाइलमध्ये ती सपाट होती.

ट्रायपॉड हलला असणार. पुन्हा केला. घडी आणखी वर आलेली.

"देवांग." ज्ञानदा बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटाला. "हलत नाहीये रे."

फ्रीवे मोकळा होता. मी वाटभर काहीबाही बोलत राहिलो.

हॉस्पिटलमध्ये ठोके सापडले नाहीत.

ती रडली नाही. मी रडलो.

नर्सने तिचे कपडे माझ्या हातात दिले. कुर्ता झटकला, तर फरशीवर काहीतरी टणटण वाजलं.

ओटी भरली की समोरची बाई त्यातले थोडे तांदूळ परत घालते. आपली पद्धतच आहे.

खाली वाकून दाणे वेचले. हळदकुंकू लागलेले, गार. एक दाताखाली धरून पाहिला.

दगड होता.