तिसऱ्या रांगेतली ईश्वरी

हेमलता तोडकर गडहिंग्लजला हत्तरक्यांच्या घरात शिरल्या, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या महिन्यातलं हे त्यांचं अकरावं घर. तक्रार थोड्याफार फरकाने सगळीकडे एकच: आमचं माणूस टीव्हीत दिसलं. पाय भरून आले होते. चहा नको म्हणायचाही कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी तो घेतला.

"इथं बघा मॅडम." महांतेश हत्तरकींनी गाण्याच्या स्पर्धेचा बाविसावा भाग लावून एका जागी थांबवला. प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत निळ्या कुर्त्यातली एक मुलगी टाळ्या वाजवत होती. "ही आमची ईश्वरी. पुण्याला नोकरीला म्हणून गेली ती गेलीच. चौदा महिने झाले, फोन बंद. पोलीस म्हणतात, पुरावा आणा, मग फाइल परत उघडतो."

पुरावा म्हणजे पडद्यावरच्या चित्राची प्रत. मोबाइलने टीव्हीचा फोटो काढला तर तो कोर्टात चालत नसे, कारण तसला फोटो आता शाळेतलं पोरही बनवू शकत होतं. टीव्हीखालच्या पेटीतूनच प्रत काढायला जावं, तर हाती नुसता काळा चौकोन यायचा. कार्यक्रम चोरले जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनीच तशी तजवीज केली होती. म्हणून सरकारने ठसा-निरीक्षक नेमले. पेटीला सरकारी तार जोडायची, त्या क्षणी पडद्यावर जे आहे ते उतरवायचं, वर शिक्का मारायचा, झाला पडदाठसा. हेमलताबाई नऊ वर्षं हेच करत होत्या.

त्यांनी तार जोडली, पण ठसा घेतला नाही. "पेटीवर 'आपलेपणा' चालू आहे का?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले. हेमलताबाईंनी शंभरदा सांगितलेलं पुन्हा एकदा सांगितलं. या नव्या पेट्या घरातले फोटो बघून ठेवतात, भिंतीवरचेसुद्धा. मग कार्यक्रमातल्या गर्दीत एखाद्या अनोळखी चेहऱ्यावर घरातल्या माणसाचा चेहरा बसवतात. ओळखीचं कुणी दिसलं की माणूस टीव्हीपुढून उठत नाही, कंपनीला तेवढंच हवं असतं.

"मग ते बंद करून बघा की," महांतेश म्हणाले.

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"तिच्याच. पेटी तिनंच आणलीती."

खातेदाराच्या अंगठ्याशिवाय ती सोय बंद होत नसे. भिंतीवरचा ईश्वरीचा फोटो काढून ठेवला तरी उपयोग नव्हता, पेटीने तो पाहिलेला होता. मूळ चित्रण कंपनीकडे. ते मागायला कोर्टाचा हुकूम हवा, आणि हुकूम मागायला आधी पुरावा हवा. आता एकच वाट उरली होती, आणि ती सांगायची वेळ आली की हेमलताबाईंना नोकरी सोडावीशी वाटे. सुरुवातीला या पेट्यांनी वारलेल्या माणसांनाही गर्दीत बसवलं होतं. लोक भडकले. तेव्हा कंपनीने पेट्यांना शिकवलं, की ज्या फोटोला हार आहे तो चेहरा वापरायचा नाही.

"हिच्या फोटोला हार नाही," त्या म्हणाल्या. "तो घातला की पेटी हा चेहरा सोडून देईल. मग हाच भाग पुन्हा लावू. तरीही ईश्वरी दिसली, तर ती खरोखर तिथे होती."

ईश्वरीची आई राजश्री इतका वेळ दाराला टेकून उभी होती. "जित्या पोरीच्या फोटोला हार? तुमची जीभ कशी रेटती ओ? पाहुणेरावळे सगळे बोलून दमले, मी घातला न्हाई. आता ह्या डबड्यासाठी घालू?"

"अगं, तपास तरी सुरू होईल," महांतेश म्हणाले.

"आणि न्हाई दिसली तर? रोज सांजच्याला बघतोय आपण तिला. तेवढंबी जाईल."

खोटा धीर द्यायलाही अंगात बळ लागतं, आणि ते हेमलताबाईंमध्ये उरलं नव्हतं.

शेवटी राजश्रीनेच सासऱ्यांच्या फोटोवरचा चंदनी हार उतरवला. लेकीच्या फोटोला घालताना तो दोनदा तिच्या हातून निसटला. महांतेश तोंड फिरवून उभे राहिले.

भाग पुन्हा लावला. तिसरी रांग आली. निळ्या कुर्त्यात टाळ्या वाजवणारी बाई चाळिशीची होती, गोल चेहऱ्याची, चष्मा लावलेली. हेमलताबाईंनी ठसा घेतला, तसा नियमच होता. महांतेश मटकन खाली बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागले.

राजश्री रडली नाही. आधी तिने लेकीच्या फोटोवरचा हार काढला. मग ती पडद्याजवळ जाऊन त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, ही बाई खरी हाय न्हवं?"

"हो. ही खरी." हेमलताबाई तार गुंडाळत म्हणाल्या.

"म्हणजे हिला कोण शोधत असतं, तर आमच्या घरात ती घावलीच नसती. हिच्या तोंडावर आमची पोर होती."

तार गुंडाळणारे हात थांबले. नऊ वर्षांत हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्यांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

"गेल्या महिन्यात गर्दीत दोनदा ह्यांची आत्या दिसली," राजश्री म्हणाली. "आम्ही लई हसलो. मॅडम, त्या आत्याच्या तोंडाखाली कोण होतं?"