चंद्रावरच्या भोंडल्याचा हत्ती

चंद्रावरच्या सोमनगर वसाहतीत त्या दुपारी भलतंच कोडं पडलं. भोंडला तासाभरावर आलेला, आणि सभागृहाच्या जमिनीवरच्या पडद्यातला हत्ती गायब! हत्तीच नाही तर मुलींनी फेर धरायचा कुणाभोवती?

यंदाची सगळी तयारी रेवतीनं हौसेनं अंगावर घेतली होती. तिनं यंत्रमानव खटक्याला धारेवर धरलं.

"माझा हत्ती कुठंय?"

"मी उतरवला. तो तुझा नाही. नेटवरून उचललास आणि शिवाय कोपऱ्यातलं चित्रकाराचं नाव कापलंस."

"अरे, भोंडल्याचा हत्ती सगळ्यांचाच असतो! आजी काढायची, आई काढते. कुणी कुणाला विचारलं का?" रेवतीचा पारा चढला.

"हत्ती काढायची रीत सगळ्यांची, कबूल. पण हे फुलाफुलांच्या कानांचं चित्र कुणीतरी डोकं लढवून काढलंय. त्यावर त्या माणसाचा कॉपीराइट (आपण निर्माण केलेल्या कृतीवरचा आपला हक्क) आहे. कल्पना कुणीही घ्यावी. तयार चित्र घ्यायचं तर विचारावं."

"बरं, नाव परत टाकते."

"नाव देणं चांगलंच, पण ती काही परवानगी नव्हे."

रेवतीनं पृथ्वीवर चित्रकाराला निरोप धाडला. उत्तर येईना. आता सगळ्यांसमोर फजिती होणार, म्हणून तिला रडूच कोसळलं. शेवटी नाक पुसून तिनं स्वतः खडू घेतला आणि जमिनीवरच हत्ती काढायला बसली. हत्ती झाला खरा, पण सोंड वाकडी आणि पोट हे एवढं! मुली खो खो हसल्या आणि त्याच्याभोवती मनसोक्त नाचल्या.

दुसऱ्या दिवशी, भोंडल्याचे फोटो पाहून, मंगळावरच्या मुलींचा निरोप आला : 'तुझा ढेरपोट्या हत्ती फार आवडला. आमच्या भोंडल्याला घेऊ का? त्याला हेल्मेट घालायचंय.'

रेवती हरखली. चक्क आपल्याला कुणीतरी विचारतंय! "पण खटक्या, प्रत्येकानं असं विचारत बसायचं का?"

"नको असेल तर आधीच लिहून ठेव. त्याला मुक्त परवाना (निर्मात्यानं सगळ्यांना आगाऊ दिलेली परवानगी) म्हणतात. अटी तुझ्या."

रेवतीनं लिहिलं : 'घ्या, बदला, नाचवा. खाली नाव मात्र माझं ठेवा. रेवती गोसावी.'

संध्याकाळी मंगळावरून फोटो आला. हेल्मेटवाला हत्ती, आणि त्याच्या पायाशी तिचं नाव! रेवती बघतच राहिली. मग एकदम तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं चित्रकाराला दुसरा निरोप लिहायला घेतला : 'तुमचं नाव मी कापलं होतं. चुकले. पुढच्या वर्षी तुमचा हत्ती आमच्याकडे पाठवाल का? तुमच्या नावासकट?'