बाराव्या मजल्याच्या वर

आधी दिसली एक निळी टोपी. मग दोन डोळे, मग गालावरचा तेलाचा डाग, आणि मग ते हसू.

“मॉईन, नमस्कार! चला, टाका पाऊल!”

“नको!” इम्के किंचाळलीच. जुन्या फोटोंचा गठ्ठा छातीशी धरून ती मागे सरली. तोवर तो वर निघालाही... टोपी गेली, गुडघे गेले, शेवटी बूट.

विद्यापीठाच्या त्या बारा मजली इमारतीतली लिफ्टच तशी. दार नाही, बटण नाही, आणि थांबणं तर नाहीच नाही! एका बाजूनं लाकडी कप्पे सावकाश वर चढायचे, शेजारून तेच खाली उतरायचे, आणि माणसांनी चालत्या कप्प्यात पाऊल टाकायचं. साठ वर्षं सगळे बिनधास्त टाकत होते. इम्के मात्र दोन वर्षं रोज पाच मजले जिना चढत होती. नऊ वर्षांची असताना दुकानातल्या सरकत्या जिन्यानं तिचा बूट गिळला होता. पाय वाचला, पण भीती पोटात बसली ती बसलीच.

तीन मिनिटांनी शेजारून बूट उतरले, मागोमाग हसूही उतरलं. ती अजून तिथंच उभी! का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“घाबरता की काय?”

“मुळीच नाही!”

“मग मागे का सर—” मजल्यानं वाक्य कापलं.

तो माल्टे, लिफ्टचा मिस्त्री. विद्यापीठाला शंभर वर्षं होत होती. इम्के प्रदर्शनासाठी फोटो लावत होती: तंबाखूच्या गोदामावरच्या भाड्याच्या तीन खोल्या, मग अख्खी गल्ली, मग चार गल्ल्या, आणि जमीन संपल्यावर वर चढलेली ही इमारत. उत्सवाच्या दिवशी, दुपारी चारच्या ठोक्याला, कुलगुरू ही म्हातारी लिफ्ट कायमची बंद करणार होते. तोवर तिला चालतं ठेवायचं, एवढंच माल्टेचं काम.

सुटले बाई, असं इम्केला वाटायला हवं होतं. पण दहा वाजले की पाय आपोआप तिकडेच वळायचे.

“आज केसांना काय केलंय?”

“काही नाही.”

“छान दिसतंय ते काही ना—”

दुसऱ्या दिवशी, “तुम्हाला ‘तू’ म्हणू का?”

“विचारायचं काय त्यात!” ती त्याच्या बुटांना म्हणाली.

बुटाची गोष्ट तिनं त्याला तीन फेऱ्यांत सांगितली. तो हसला नाही. “कुठल्या रंगाचा होता?” एवढंच विचारलं. लाल, ती म्हणाली.

“अगं, पाच-पाच सेकंदांत कुणी प्रेमात पडतं का?” कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या फ्राऊ ल्यूडर्स, म्हणजे ल्यूडर्सबाई, चिडवायच्या.

“पडतेय कुठे? मी तर काठावरच उभी असते!”

आणि मग एका सकाळी तो म्हणाला, “उत्सव झाला की मला व्हिएन्नाला बोलावलंय. तिथं अशा लिफ्ट अजून—”

बूट गेले. आता इम्केच्या पोटात दोन भीती होत्या, आणि मोठी कोणती ते तिला कळेना.

उत्सवाच्या दिवशी चौकात बँड वाजत होता, भाजलेल्या सॉसेजचा वास पार पाचव्या मजल्यापर्यंत येत होता. मजल्यावर ती एकटीच. चाराला दोन मिनिटं कमी. बाराव्या मजल्याच्या वर कप्पा उलटा होतो, अशी भीती पोरं नव्या पोरांना घालायची. तसं काही होत नाही, लिफ्टचा नकाशा इम्केनं स्वतः पाहिला होता. पण भीतीला कोण समजावणार?

टोपी आली. आज हसू नव्हतं.

“शेवटची फेरी, इम्के.”

चल म्हणाला नाही तो. फक्त एका अंगाला सरकला. एका माणसाची जागा झाली. कप्प्याचा तळ बरोबरीला आला, बोटभर वर गेला, वीतभर गेला... आणि इम्केनं उडी मारली! उजवा बूट अडकला, निसटला आणि मागेच राहिला.

“माझा बूट!”

“राहू दे. या वेळी गिळला नाहीये.”

सहा, सात, आठ... त्याची बाही तिनं मुठीत घट्ट धरली होती.

“बाराव्याला उतरायचं हं. नियम आहे.”

बारावा आला. दोघंही हलले नाहीत. बारावा गेला.

काळोख झाला. चाकं करकरली, कप्पा आडवा सरकू लागला, आणि दचकून थांबला. खालून टाळ्या ऐकू आल्या.

“चार वाजले,” माल्टेचा आवाज कापत होता. “कुणी आत नाही ना, हे बघायचं कामही माझंच होतं गं!”

इम्केनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

“तूही घाबरलास?”

“महिनाभर घाबरतोय.”

“लिफ्टला?”

“छे! तुला. व्हिएन्नाला अजून होकार दिलेला नाही मी. नव्या लिफ्टलाही मिस्त्री लागतोच. तू म्हणालीस तर... म्हणजे, मला तू—”

तो थांबला. महिन्याभराची सवय! मजला येईल आणि वाक्य कापेल, याची वाट बघत राहिला. मजला आला नाही.

“आता नाही येणार तो,” इम्के हळूच म्हणाली. “वाक्य पुरं कर.”

“मला तू फार आवडतेस. मी... इथंच राहू?”

“राहा,” ती म्हणाली. मग काळोखात तो मान बघू शकत नाही हे कळूनही तिनं दोनदा मान हलवली.

खालून फ्राऊ ल्यूडर्सची हाक आली, “अहो, वर कुणी आहे का? हा बूट कुणाचा?”

उत्तर द्यायला माल्टेनं श्वास भरून घेतला. इम्केनं चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“थांब ना... पाच मिनिटं.”