परक्या नगरीचा मानकरी

पूर्वेकडे फटफटू लागले, धुके विरले आणि अठरा दिवस अर्धपोटी झुंजणाऱ्या खारदुर्गाच्या शिबंदीला समुद्रात फिरंग्यांची आणखी सात जहाजे नांगरलेली दिसली, तेव्हा किल्लेदार रवळोजी पांढऱ्यांनी ओळखले, की गडाचे दिवस भरले.

त्याच प्रहरी कप्तान साल्वादोर बोलणी करण्यास गडावर आला. सहा वर्षांपूर्वी त्याचे जहाज वादळात फुटले असता रवळोजींनी मचवे घालून ऐंशी खलाशी वाचवले होते. त्या उपकाराखातर फिरंगी राजाने त्यांना आपल्या राजनगरीचे मानाचे नागरिकत्व सनदेने बहाल केले होते.

"किल्लेदारसाहेब, ती सनद पुढे करा," कप्तान म्हणाला. "आमच्या नागरिकाला आणि त्याच्या कुटुंबाला अभय आहे. बाकीच्यांवर तोफा चालतील."

"कुटुंबात कोण कोण?"

"आपण लिहून द्याल ते."

रवळोजींनी दौत मागवली. गोलंदाजांची, कोळ्यांची, भिस्त्यांची, गडावरची बेचाळीस बायकामुले त्यांनी आपले कुटुंब म्हणून लिहून दिली.

"आणि आपण?"

"गड धन्याचा आहे. तो मला सोडता येत नाही."

कप्तानाचा चेहरा उतरला. "मग नीट ऐका. सनद मान्य केलीत, की आपण आमचे शत्रू राहत नाही. राजावर शस्त्र उचललेले आमचेच नागरिक ठरता. शत्रूला कैद मिळते. फितुराला फास."

रवळोजींनी यादीखाली शिक्का उठवला.

होडीत चढताना पत्नी भिवराबाई अडून राहिल्या. "मला इथेच राहू द्यावे."

"तुम्हीच नसाल, तर ही यादी खरी कोण मानील?" रवळोजी हलकेच म्हणाले. त्या होडीत जाऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी तट ढासळला. जिवंत उरलेल्या एकतीस शिपायांसह किल्लेदार धरले गेले. न्यायाधीशाने विचारले, "आमच्या नगरीचे नागरिक आहात, हे कबूल?"

नाही म्हणताच जीव वाचत होता. पण यादीतली बेचाळीस बायकामुले अजून फिरंग्यांच्याच ठाण्यात होती.

"कबूल," रवळोजी म्हणाले.

दुपारी त्यांना फासावर चढवले. सायंकाळी बायकामुलांना वाट मोकळी झाली.

वर्षाने तह होऊन शिपाई सुटले. हवालदार येसाजी कदम भिवराबाईंपुढे मान खाली घालून उभा राहिला. त्याने सारे सांगितले.

"पाणी तरी दिले होते का कुणी?" त्यांनी विचारले.

"कप्तानाने दिले, बाईसाहेब."

"प्याले का?"

"नाही, बाईसाहेब. आधी बायकामुलांना वाट द्या, म्हणाले."