विमानाच्या शेपटीचा दांडा

अमडापुरात लाइट गेली होती. ओट्यावर जमलेल्या पोरांना नीळकंठकाका म्हणाले, "भुताले हसा, पण वहाबले हसू नका. उंद्रीचा वहाब वेल्डर माह्या वळखीचा माणूस. त्याच्या तोंडून जसं ऐकलं, तसंच सांगतो."

मे महिन्याची सात तारीख, मंगळवार, अमावास्या. रात्री जेवण करून वहाब मोटारसायकलवर खामगावला निघाला. पुढे टाकीवर गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता.

दांडा विमानाचा होता. आदल्या वर्षी उंद्रीच्या शिवारात एक मालवाहू विमान कोसळलं, वैमानिक जागीच गेला. पोलीस येईपर्यंत लोकांनी हाताला लागेल ते उचललं. कुणाच्या बकऱ्यांवर पत्रा चढला, कुणाच्या अंगणात खुर्ची आली. वहाबनं शेपूट वर-खाली करणारा हा दांडा आणला आणि ऐरणीसारखा वापरून त्यावर नांगराचे फाळ ठोकायला लागला. दांड्यावर एक नट अडकलेला होता, आतले आटे पार सोलून निघालेले. चौकशीवाल्यांना शेपटीचं काहीच सापडलं नाही. मग विमानाची कंपनी म्हणाली, विमान ठणठणीत होतं, वैमानिकच चुकला.

वैमानिकाची बायको गावात आली. दारोदार फिरली. "माझा माणूस चुकला नाही हो. शेपटीचं काही असेल तर द्या मला." पोलिसांच्या धाकानं सगळे गप्प. वहाबही गप्प. ती जाताना वहाबच्या बायकोला, खुर्शीदाला, फोन नंबर देऊन गेली.

"काऊन गप्प बसला तो, काका?" गंधारनं विचारलं.

"तुह्या बापानं पत्रा आणला होता ना? त्याले इचार!" काका कडाडले.

पुढे कंपनीला दांड्याचा सुगावा लागला. त्यांचा गावातला माणूस गजेंद्र सांगून गेला, "वहाबभाई, आज रात्री खामगावच्या लॉजवर आणून दे. सकाळी भट्टीत वितळून जाईन. तू सुटला, गावही सुटलं."

खुर्शीदा दारात आडवी उभी राहिली. "मेलेल्या माणसाले अजून एकदा मारून राह्यले तुम्ही!"

वहाबनं तिला बाजूला सारलं.

उंद्री मागे पडली. विमान पडलं होतं ते शेत आलं. गाडी एकदम जड झाली. मागचं चाक दबलं.

कुणीतरी बसलं होतं.

"कोण...?"

रस्त्यावर दिवसाची गरमी तशीच होती, आणि मानेवर मात्र गार श्वास.

वहाबनं रेस पिळली. गाडी पळेना.

मग कानाशी आवाज आला. दात आवळून काढलेला.

"मी ओढत होतो..."

वहाबनं आरशात पाहिलं. मागे नुसता अंधार.

"दोन्ही हातांनी. शेवटपर्यंत. शेपूट ऐकत नव्हती. तरी गाव टाळलं मी. तुझं गाव."

...

"आणि तू माझ्यावर फाळ ठोकतोस?"

"साहेब... भेव वाटलं मले."

"मलाही वाटलं होतं."

मग फक्त तो श्वास...

वहाबनं गाडी वळवली. घरी येऊन खुर्शीदाच्या हातात फोन दिला. "लाव त्या बाईले."

दुसऱ्या दिवशी ती वकिलाला घेऊन आली. सोललेल्या आट्यांवरून तिनं बोट फिरवलं. वहाबकडे पाहिलं. "वर्षभर इथंच होता?" एवढंच बोलली. दांडा ओढणीत गुंडाळला आणि गेली. वहाबनं मान वर केली नाही.

"मंग कंपनीचं काय झालं?" ओवीनं विचारलं.

"लढून राह्यली ते बाई कोर्टात. साक्षीले एकटा वहाब जाते. बाकीचे सगळे मेल्यासारखे घरात." काका रस्त्याकडे थुंकले.

"अन् ते गाडी?"

काका जरा पुढे सरकले.

"उभी असते त्याच्या दुकानापुढं, भर उन्हात. पुढच्या बाजूले हात लावला तर चटका बसते. मागच्या सीटवर..."

त्यांनी आपला तळहात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"मागच्या सीटवर बर्फ धरते."