बंद गाडी आपल्या पायानं गेली

बस वैनगंगेच्या पुलावर होती तेव्हा ललिता गुरनुलेचा फोन वाजला. कंडक्टर म्हणून तिला नऊ वर्षं झाली होती. ड्युटीवर ती फोन घेत नसे. पण फोन आईचा होता.

"ललिता, गाडी नाई वं!"

"कोणती गाडी?"

"आपली. आंगणातली. मी बाजारातून आली तं ताडपत्री तेवढी पडून हाय."

ललितानं तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं. "आई, ती गाडी बंद हाय. चार महिन्यांपासून जागची हालली नाई. कशी जाईल?"

"मले काय विचारतं? येऊन पाह्य."

गुरुवारी त्या गाडीची तपासणी होती. आज मंगळवार.

ललिताच्या डोळ्यांपुढं एकच चेहरा आला. बल्लारपूरच्या नक्षत्र कार बाजारचा मालक, धनराजशेठ.

ही गाडी दिवाळीत घेतलेली. सावलीजवळच्या पाथरटोल्यात त्यांचं घर; बाप पत्रू साठी ओलांडलेला, छातीचं दुखणं. अडीअडचणीला दारात चार चाकं असावीत म्हणून ललितानं जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. स्वतः चालवायला शिकली. फसवणूक नको म्हणून गावच्या नाक्यावरचा मिस्त्री लोकेश याला पारख करायला सोबत नेलं. लोकेश म्हणजे घरचाच, पत्रूला मामा म्हणणारा. त्याचं गॅरेज उभं होतं ती रस्त्याकडची जागाही पत्रूनंच त्याला दिलेली. लोकेशनं तासभर गाडीखाली घुसून पाहिलं, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाला, "ताई, मक्खन हाय. डोळे मिटून घे." धनराजशेठनं एकच चावी दिली. दुसरी जुन्या मालकानं हरवली म्हणे.

जानेवारीत सकाळी दहाला पत्रूच्या छातीत कळ आली. ललितानं बापाला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवलं आणि गडचिरोलीचा रस्ता धरला. व्याहाड ओलांडल्यावर गाडी एकदम गप्प झाली. दिवे गेले, इंजिन गेलं.

तिनं लोकेशला फोन लावला.

"ताई, हालू नको. दहा मिनिटांत येतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाले बोनेटले हात नको लावू देऊ. वायरिंग जळून जाईल."

एक टेम्पोवाला थांबला. पाहू का, बाबांना माझ्या टेम्पोत घेता का, म्हणाला. ललितानं त्याला परत पाठवलं. मिस्त्री येतोच आहे, दहा मिनिटांत. मागून दोन बस गेल्या. दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. लोकेश पोचला तेव्हा पत्रूचा हात गार पडला होता. लोकेश रस्त्यात बसून ढसाढसा रडला. त्यानंच गाडी ओढून अंगणात आणून लावली. "इंजिन जाम झालं, ताई. आता हे फिरत नाई," एवढंच सांगितलं.

तेरवी झाली आणि ललितानं कंबर कसली. सीटखालची चटई उचलली तर खाली वाळलेला गाळ आणि गंजलेले बोल्ट. गाळात एक तेलुगू शाळेची पावती. सिरोंचा बसच्या कंडक्टरकरवी तिनं जुना मालक हुडकला. त्यानं सांगितलं, गोदावरीच्या पुरात गाडी तीन दिवस बुडून होती; भंगारात दिली. न्यायला एक शेठ आला होता, सोबत टोपीवाला मिस्त्री.

ती धनराजशेठकडं गेली. गाडी परत घ्या, पैसे परत द्या. तो हसला. "बाई, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. सही केली तेव्हा पाहून घ्यायचं ना."

पैशांसाठी ती भांडत नव्हतीच. हा माणूस चंद्रपूरच्या ग्राहक आयोगापुढं उभा राहून, तुझ्या गाडीनं माणूस मेला, हे ऐकताना तिला पाहायचा होता. तिनं तक्रार लावली. आणि दर सुट्टीला सकाळची गाडी धरून ती बल्लारपूरला जायची, नक्षत्र कार बाजाराच्या समोर उभी राहायची. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, माझा बाप यांच्या गाडीत गेला. धनराजशेठनं पोलिसांची धमकी दिली. ती म्हणाली, बोलवा. पुढच्या सुट्टीला पुन्हा हजर.

आयोगानं गाडी तपासायला तज्ज्ञ नेमला. आणि तपासणीच्या दोन दिवस आधी गाडीच नव्हती.

"धनराजनंच उचलली," ललिता म्हणाली. "जमादारभाऊ, जा अन् धरा त्याले."

वारलू आत्राम, सावली ठाण्याचा जमादार, अंगणात उकिडवा बसून माती पाहत होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, सावकाश बोलणारा माणूस.

"धरू. आधी पाहू तर दे, बाई. चावी कुठी हाय?"

"ही काय. माह्या पर्समधी."

"बंद गाडी न्यायची तं क्रेन लागते, नाई तं ओढायले दोर. इथी क्रेनचं चाक नाई, घसटल्याचं निशाण नाई. गाडीचीच चाकं वळून फाटकातून गेली. अन् हे पाह्य, स्कूटरचं एक चाक. आत आलं, बाहेर गेलंच नाई."

शेजारच्या कमळाबाई मोहफुलं वाळवत होत्या. बाजाराच्या दिवशी गावात राहिलेल्या त्या एकट्याच.

"तुमी गाडी जाताना पाह्यली?"

"पाह्यली नं. कुंपणाआडून, मागून."

"कोणी ओढत होतं?"

"नाई बा. आपल्या पायानं गेली. भुर्रकन. मले वाटलं ललितानं दुरुस्त केली."

"आत किती माणसं?"

"काच काळी होती. पण मागचं दार दोरीनं बांधलं होतं अन् आतून स्कूटरचं चाक दिसून राह्यलं होतं."

"म्हणजे एकटाच माणूस," वारलू म्हणाला. "किती वेळ अंगणात होता?"

"मी एक टोपलं पसरलं तेवढ्यात गाडी सुरू झाली."

वारलूनं ललिताकडं पाहिलं. "चार महिने बंद पडलेली गाडी एका टोपल्यात सुरू झाली."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ललिता वारलूसोबत बल्लारपूरला गेली. धनराजशेठ घामाघूम झाला होता, पण जीभ चालत होती.

"काल दुपारी कुठं होता?" वारलूनं विचारलं.

"इथंच. कॅमेरे बघा."

"तुमचे पोरं?"

"तिघंही इथंच. मला ती गाडी कशाला पाहिजे? आणि बंद गाडी आणायची तर मी क्रेन पाठवली असती. दोन क्रेन आहेत माझ्या. दोन्ही काल नागपूरला होत्या, टोलच्या पावत्या देतो."

"दुसरी चावी?"

"नाही म्हणालो ना." त्यानं ललिताकडं पाहून हात पसरले. "आता कसं करणार, बाई? गाडी दाखवा, पैसे न्या. गाडीच नाही तर तज्ज्ञ काय तपासणार?"

ललिताच्या हाताला टेबलावरचा पितळी पेपरवेट लागला होता. तो फेकायचा किती मोह झाला हे तिचं तिलाच माहीत. वारलूनं तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला.

कॅमेरे खरं बोलत होते. पावत्याही.

परतताना ती लोकेशच्या गॅरेजवर थांबली. तिथं पोचू नावाचा जीपवाला तणतणत होता. "काल घेऊन जा म्हणालास, आज ये म्हणालास. चार्जिंगले देलेली बॅटरी एवढी कुठी जाते? माहे पॅसेंजर रस्त्यावर उभे हायेत!"

"उद्या देतो, दादा. करून राह्यलो." लोकेश ललिताजवळ आला, आवाज खाली आणला. "ताई, ऐकलं मी. त्या धनराज्यानंच हे केलं. सोडू नको त्याले. मी आयोगापुढं साक्ष देईन, इंजिन जाम होतं म्हून."

ललिताला भरून आलं. बापाच्या माघारी तेवढाच एक आपला माणूस.

त्या दुपारी लाइन गेली. बाहेर ऊन फुफाट्यासारखं. ललिताची आई कलाबाई पलंगावर पडल्या होत्या आणि वर पंखा फिरत होता. ललिता त्या पंख्याकडं पाहत होती. पाहता पाहता उठून बसली.

"आई, हा पंखा कशावर चालून राह्यला?"

"इन्व्हर्टरवर. काऊन?"

"अन् इन्व्हर्टरले बॅटरी कोणती?"

"विसरली? लोकेशनं नाई का काढून देली, गाडीतली. तेरवीच्या दिवशी. गाडीत पडून सडन म्हणे."

ललितानं वारलूला फोन लावला. "भाऊ, तीन गोष्टी पाह्यजेत. सिरोंच्याच्या त्या मालकाले मी एक फोटो पाठवतो, त्याचं उत्तर तुमच्यासमोर घ्यायचं. एका नंबरचा जानेवारीतला हिशोब काढा, कोणती सकाळ ते सांगतो. अन् एक बंद भातगिरणी हाय, मूलच्या रस्त्यावर. तिथी गुपचूप पाहून या."

सहाव्या दिवशी सकाळी वारलूनं सगळ्यांना पाथरटोल्याच्या अंगणात बोलावलं. पंचनामा पूर्ण करायचा आहे, असं सांगून. धनराजशेठ गाडीतून उतरला, रुमालानं मान पुसत. लोकेश गॅरेजमधून तसाच आला, हाताला ग्रीस. पोचू जीपवाल्यालाही बोलावलं होतं. आपल्याला कशाला, हे त्याला कळत नव्हतं. कलाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"बोल, बाई," वारलू म्हणाला. "तुहंच काम हाय."

ललिता उभी राहिली.

"मले पहिल्यापासून वाटलं, शेठनं गाडी नेली. पण शेठनं गाडी कशी नेली असती? क्रेननं. त्यांच्या लेखी ती बंद होती. नेणारा मात्र क्रेन नाई आणत. एकटा येते, स्कूटरवर, अन् एका टोपल्याच्या वेळात गाडी सुरू करते. म्हणजे गाडीले काय झालं ते त्याले आधीच माहीत. इंजिन जाम असतं तं ब्रह्मदेव आला असता तरी गाडी चालली नसती. मंग इंजिन जाम हाय हे मले कोणं सांगतलं?"

लोकेशनं मान वर केली.

"ते राहू दे. मिस्त्री चुकू शकते. पण गाडीत बॅटरीच नव्हती. ती माह्या घरात, पंखा चालवते. बोनेट बंद, वरून ताडपत्री. बाहेरच्या माणसाले हे कसं कळन? चोर तं येतानाच बॅटरी घेऊन आला. गाडीत बॅटरी नाई हे तिघांनाच ठाऊक. मी, आई, अन् ज्यानं काढली तो."

"ताई, तू काय बोलून राह्यली?" लोकेश म्हणाला. "मी कशाले..."

"गिरणीत गाडी सापडली," वारलू मध्येच म्हणाला. "तुहा सासरा चौकीदार हाय त्या बंद गिरणीत. सीटा काढल्या होत्या, चटई जाळली होती. बोनेटखाली बॅटरी तशीच." त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं पोतं उघडलं. बॅटरीवर पांढऱ्या रंगानं अक्षरं होती: पोचू, जीप.

पोचू ओरडला, "माही बॅटरी! अन् हा मले रोज उद्या उद्या करते!"

"स्विचमधी दुसरी चावीही होती," वारलू म्हणाला. "शेठ, जी हरवली होती ती."

धनराजशेठ फाटकाकडं सरकला. तिथं दुसरा शिपाई उभा होता.

"ती चावी लोकेशजवळ कशी?" ललिता पुढं बोलू लागली. "कारण गाडी त्यानंच धुतली, वाळवली, रंगवली. सिरोंच्याच्या माणसानं फोटो ओळखला. शेठसोबतचा टोपीवाला मिस्त्री हाच. शेठ पुराच्या गाड्या आणते, हा सजवते, अन् मंग आमच्यासारख्या लोकांसोबत घरचा माणूस म्हून जाऊन म्हणते, मक्खन हाय. तज्ज्ञानं बोनेट उघडलं असतं तं इंजिनले वीज देणाऱ्या गंजलेल्या रिलेच्या डब्यात ह्यानं तारांले मारलेले नवे टाके दिसले असते. तोच डबा त्या दिवशी गेला. मंगळवारी ह्यानं तो बदलला, बॅटरी टाकली, गाडी सुरू."

लोकेश खाली बसला. "चुकलं, ताई. शेठनं हात धरून करायले लावलं. मी पैसे भरतो. सगळे."

"थांब. झालं नाई अजून."

तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"जानेवारीतल्या त्या सकाळी मी तुले फोन केला. दहा मिनिटांत येतो म्हणालास. जमादारभाऊंनी तुह्या फोनच्या टॉवरचा हिशोब काढला. तू बल्लारपूरले होतास, शेठच्या दुकानात. तिथून सव्वा तास लागते. तुले माहीत होतं दहा मिनिटांत नाई येऊ शकत. मंग दहा मिनिटं काऊन म्हणालास?"

लोकेश हाताचं ग्रीस पँटला पुसू लागला.

"टेम्पोवाला थांबला होता. त्यानं बोनेट उघडलं असतं तं गंज दिसला असता. किंवा मी बाबांना टेम्पोत घालून गेली असती अन् गाडी रस्त्यावर कोणाच्याही हाती राह्यली असती. म्हून मले हालू नको म्हणालास. डबा वाचवायले तू माह्या बापाले रस्त्यावर थांबवून ठेवलं."

"मले नाई वाटलं मामा जाईन म्हून," लोकेश पुटपुटला. "खरंच नाई वाटलं."

कलाबाई ओट्यावरून उतरल्या. हळूहळू त्याच्यापुढं आल्या. सगळ्यांना वाटलं, मारणार. त्यांनी मारलं नाही.

"तो मरताना तुहं नाव घेऊन राह्यला होता," त्या म्हणाल्या. "लोकेश येऊन राह्यला नं, म्हणे. येईनच तो, म्हणे."

लोकेशनं कपाळ मातीला टेकलं. वारलूनं त्याला बखोटीला धरून उभं केलं.

धनराजशेठला त्याच दिवशी अटक झाली. लोकेशनं जबाब दिला आणि अशा आणखी सहा गाड्या निघाल्या. आयोगानं पैसे परत करायचा आदेश दिला तेव्हा ललिता पहिल्या बाकावर बसली होती. गाडीत माणूस मेला हे वाक्य वाचलं गेलं, तेव्हा धनराजशेठ खाली पाहत होता. ती त्याच्याकडं पाहत राहिली, शेवटच्या शब्दापर्यंत.

पावसाळा सरताना लोकेशची बायको चंदा घरी आली. कडेवर लहान पोर. ललितानं तिला पाणी दिलं, चहा दिला, पोराच्या हातात बिस्कीट दिलं. चंदा बराच वेळ बोलत होती. गॅरेज बंद, बापाची चौकीदारी गेली, जामीन मिळत नाही. शेवटी तिनं ललिताचे पाय धरले. "ताई, त्या टेम्पोवाल्याले तेवढं साक्षीले नको आणू, मरणाचा गुन्हा लागन. बाकी जी शिक्षा होईन ती होऊ दे."

ललितानं तिला उठवलं.

"चंदा, घरात तांदूळ नसला तं इथून नेत जा. पोराच्या शाळेचं मी पाहतो. हे दोन्ही माहं बोलणं खरं समज. पण त्या टेम्पोवाल्याले मी तीन महिने हुडकलं. परवा सापडला. तारखेले मी स्वतः त्याले घेऊन जाणार हाय."